एक पायरी खाली

रास्पबेरी पायवर एलईडी पेटवायला पायथॉनच्या तीन ओळी पुरतात. जीपीआयओझीरो या लायब्ररीतून एलईडी मागवायचा, त्याला १७ नंबरची पिन द्यायची आणि 'ऑन' म्हणायचं. दिवा लागतो. दहावीतल्या मुलाला हे एकदा दाखवलं की पाचव्या मिनिटाला तो दिवा मिचकावायला लागतो आणि अर्ध्या तासात बटण कसं जोडायचं ते विचारतो. ही सोय मोठी आहे. 'आमच्या वेळी असेंब्लीत लिहायचो' असं म्हणत तिला नाकं मुरडणारी मंडळी असतात. त्यांच्या पंगतीला मला बसायचं नाही.

पण त्याच मुलाने पुढच्या आठवड्यात एलईडीच्या जागी रिले लावला आणि तो उलटा चालायला लागला, किंवा तापमानाच्या सेन्सरने भर थंडीत ८५ अंश दाखवले, किंवा मित्राच्या नव्या बोर्डावर तोच कोड पहिल्याच ओळीला अडला, तर त्या तीन ओळी कितीही वेळा वाचून उत्तर सापडत नाही. ते त्यांच्या खाली असतं. हे पुस्तक त्या खालच्या पायरीबद्दल आहे. फार खोल उतरायचं नाही, ट्रान्झिस्टरच्या भौतिकशास्त्रापर्यंत तर नाहीच. लायब्ररी वापरायचीच, फक्त ती आपल्या वतीने चिपशी आणि कर्नेलशी काय बोलते आहे, एवढं आपल्याला ऐकू यायला हवं.

आधी पिनेचंच बघू. २०१२च्या २९ फेब्रुवारीला पहिला रास्पबेरी पाय विक्रीला आला, तेव्हा त्यात ब्रॉडकॉमची बीसीएम २८३५ ही चिप होती. चिपला ५४ जीपीआयओ पिना. त्यांतल्या मोजक्याच बोर्डावरच्या हेडरवर बाहेर काढलेल्या. आधी हे हेडर २६ काड्यांचं होतं, २०१४च्या बी प्लस मॉडेलपासून ४० काड्यांचं झालं आणि अजून तेच आहे. प्रोसेसरच्या लेखी या पिना म्हणजे मेमरीतले काही पत्ते. त्या पत्त्यांवर आकडा लिहिला की तो रॅममध्ये न जाता थेट सर्किटपाशी पोहोचतो. असा प्रत्येक पत्ता म्हणजे ३२ बिटांचं एक रजिस्टर.

पिनेने काय काम करायचं हे तीन बिट ठरवतात. म्हणून एका रजिस्टरमध्ये दहा पिनांची सोय होते आणि दोन बिट रिकामे राहतात. १७ नंबरची पिन दुसऱ्या रजिस्टरमध्ये, २१ ते २३ या बिटांवर येते. तिथे ००० असेल तर पिन इनपुट, ००१ लिहिलं की आउटपुट. उरलेली सहा रूपं सिरियल, आयटूसी, एसपीआय, पीडब्ल्यूएम अशा खास कामांसाठी राखलेली. आता पिन हाय करायची आहे. 'सेट' नावाच्या रजिस्टरमध्ये १७ क्रमांकाच्या बिटावर १ लिहायचा. लो करायची तर त्याच बिटावर ० लिहावा असं कुणालाही वाटेल, पण त्याने काहीच होत नाही. लो करण्यासाठी 'क्लिअर' हे वेगळं रजिस्टर आहे आणि तिथेही १च लिहायचा असतो.

पहिल्यांदा वाचताना हा प्रकार विचित्र वाटतो. पण एकच रजिस्टर असतं तर काय झालं असतं ते बघा. एक पिन बदलायची म्हणजे आधी सगळे ३२ बिट वाचायचे, त्यांतला आपला बदलायचा आणि सगळे परत लिहायचे. वाचणं आणि लिहिणं यांच्यामधल्या फटीत दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने त्याची पिन बदलली असेल, तर आपण त्याचं काम पुसून टाकणार, आणि तेही दोघांच्या नकळत. सेट आणि क्लिअर वेगळे ठेवले की शून्याचा अर्थ 'हात लावू नकोस' असा होतो, फट उरतच नाही. चिप बनवणाऱ्यांनी हा विचार करून ठेवलेला आहे आणि त्यांच्या डेटाशीटमध्ये तो दोन-तीन कोरड्या वाक्यांत येऊन जातो. (त्या दोनशेवर पानी डेटाशीटमध्ये चुकाही आहेत. वापरणाऱ्यांनी त्यांचं वेगळं शुद्धिपत्रच तयार केलं. छापील कागद आहे म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे माझं मत तिथूनच पक्कं झालं.)

तीन ओळींतल्या 'ऑन'चा शेवट असा एका बिटात होतो. मधल्या वाटेवर मात्र लिनक्स उभा आहे. मेमरीतल्या कुठल्याही पत्त्यावर कुणीही लिहावं हे लिनक्सला चालत नाही, आणि चालू नयेच. जुन्या लायब्रऱ्या 'देव-मेम' या फायलीतून थेट मेमरीत शिरत. त्यासाठी रूटचे अधिकार लागत, म्हणून त्या काळच्या प्रत्येक धड्यात कोड चालवण्याआधी 'सुडो' लिहिलेलं दिसतं. पुढे पायच्या लोकांनी 'देव-जीपीआयओमेम' दिली. तिच्यातून फक्त जीपीआयओच्या रजिस्टरांचा तुकडा दिसतो, बाकीची मेमरी झाकलेली राहते. दिवा लावायला घराची चावी देण्याची गरज संपली.

आता हा तुकडा मेमरीत नेमका कुठे असतो? पहिल्या पायमध्ये पेरिफेरलांचा पत्ता हेक्समध्ये २०ने सुरू होत असे. पाय २ आणि ३मध्ये तो ३एफने सुरू झाला, पाय ४मध्ये एफईने. लायब्ररी सुरू होताना आधी आपण कुठल्या मॉडेलवर आहोत ते ओळखते, त्याप्रमाणे पत्ता धरते आणि मग आपल्याला १७ नंबरची पिन देते. एकच कोड इतकी वर्षं वेगवेगळ्या बोर्डांवर चालत राहिला तो या गुपचूप केलेल्या कामामुळे. ते काम ज्यांनी केलं त्यांच्यापैकी बहुतेक जण एकटेदुकटे, आपल्या फावल्या वेळात लिहिणारे होते. त्यांची थोडी हकीकत सांगायला हवी, कारण लायब्ररी निवडताना तिच्या मागे कोण आहे हे बघणं मला तिची फंक्शनं बघण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

२००३मध्ये इटलीतल्या इव्रेआच्या डिझाइन संस्थेत एर्नांदो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंध म्हणून 'वायरिंग' तयार केलं. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या कलाकारांना आणि डिझायनरांना मायक्रोकंट्रोलर वापरता यावा, हा त्याचा हेतू. 'पिनमोड', 'डिजिटलराइट' ही नावं तिथली. २००५मध्ये त्याच संस्थेच्या परिसरात अर्डुइनो जन्मला आणि ही नावं जगभर गेली. बारागानचं नाव मात्र त्या मानाने मागेच राहिलं. पाय आल्यावर गॉर्डन हेंडरसन यांनी तीच धाटणी सीमध्ये आणली आणि 'वायरिंगपाय' लिहिली. अर्डुइनोवरून येणाऱ्यांना ती लगेच आपली वाटली.

वायरिंगपायने पिनांना स्वतःचे नंबर दिले होते. तिची शून्य नंबरची पिन म्हणजे ब्रॉडकॉमच्या हिशेबात १७, आणि हेडरवर काड्या मोजत गेलात तर ११वी. एकाच काडीला तीन नंबर! यामागे कारण होतं: पहिल्या पायच्या दोन आवृत्त्यांमध्ये हेडरची १३वी काडी आधी जीपीआयओ २१ होती, नंतर २७ झाली. असे बदल वापरणाऱ्याला जाणवू नयेत म्हणून स्वतंत्र नंबर. कल्पना चांगली होती, पण कोड एका धड्यातून आणि आकृती दुसऱ्यातून घेतली की चुकीच्या काडीला तार लागायची आणि पोरं सेन्सर बदलत बसायची. या पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ब्रॉडकॉमचेच नंबर आहेत. हेडरवरची काडी सांगायची असेल तिथे 'काडी' असंच म्हटलं आहे.

२०१९मध्ये हेंडरसन यांनी वायरिंगपायचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. पुढे तिचा कोड इतरांनी हाती घेतला, पण मधल्या काळात तिच्यावर उभे असलेले कितीतरी प्रकल्प लटकले. पायथॉनच्या बाजूला बेन क्रॉस्टन यांची आरपीआय-जीपीआयओ अनेक वर्षं जवळजवळ सगळ्यांच्या तोंडी होती. तिच्या परिचयातच त्यांनी लिहून ठेवलं होतं की वेळेच्या बाबतीत काटेकोर काम असेल तर ही लायब्ररी उपयोगाची नाही, सरळ अर्डुइनो घ्या. आपल्या लायब्ररीचं दुकान मांडताना पहिल्याच पाटीवर इतकं खरं लिहिणारा माणूस मला मनापासून आवडतो. ती पाटी वाचणारे थोडे, हा भाग वेगळा.

मग २०२३च्या ऑक्टोबरमध्ये पाय ५ बाजारात आला. त्यात हेडरच्या पिना मुख्य चिपला जोडलेल्याच नाहीत. त्या आरपी१ नावाच्या, रास्पबेरी पायवाल्यांनी स्वतः डिझाइन केलेल्या दुसऱ्या चिपवर आहेत आणि ही चिप मुख्य प्रोसेसरशी पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गाने बोलते. म्हणजे आतापर्यंत सांगितलेले पत्ते, तीन-तीन बिटांची मांडणी, सेट, क्लिअर, सगळं जागेवरून हललं. पाय ५वर आरपीआय-जीपीआयओ पेरिफेरलांचा पत्ता ओळखता येत नसल्याची तक्रार करून थांबते. ही तक्रार शब्दशः खरी आहे. वाचणाऱ्याला मात्र ती गूढ वाटते, कारण असा काही पत्ता असतो हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. यावर उपाय म्हणून तीच नावं, तीच फंक्शनं ठेवून आतून वेगळ्या वाटेने जाणारी एक लायब्ररी आता आहे, तिचा उपयोग दहाव्या प्रकरणात केला आहे.

ही वेगळी वाट कर्नेलची. रजिस्टरला आपण हात लावायचा नाही; कर्नेलला विनंती करायची आणि चिपशी बोलण्याचं काम त्याच्या ड्रायव्हरवर सोपवायचं. चिप बदलली तर ड्रायव्हर बदलेल, आपला कोड तसाच राहील. आधी यासाठी 'सिसएफएस' होतं. एका फायलीत १७ लिहिलं की १७ नंबरच्या पिनेचं फोल्डर तयार व्हायचं, मग त्यातल्या फायलींत 'आउट' आणि '१' लिहायचं. कुठल्याही भाषेतून, अगदी शेलमधूनही हे जमायचं, त्यामुळे फार लोकप्रिय. पण पिन कुणाची आहे याची नोंद तिथे कुठेच नव्हती. सामायिक विहिरीवर पाळी न ठरवता दोघांनी आपापल्या मोटरी सोडाव्यात, तसं दोन प्रोग्राम एकाच पिनेवर खुशाल लिहू शकत. प्रोग्राम मेला तरी पिन तशीच अडकून राहायची.

२०१६च्या ४.८ या कर्नेलपासून ही पद्धत जुनी ठरवली गेली आणि तिच्या जागी 'जीपीआयओचिप' नावाची डिव्हाइस फाइल आली. तिच्याशी बोलणारी सीमधली लायब्ररी म्हणजे लिबजीपीआयओडी, मूळ लेखक बार्तोश गोवाशेफ्स्की. इथे पिन मागताना आपलं नाव सांगावं लागतं. दुसऱ्या कुणी तीच पिन मागितली तर 'बिझी' असं उत्तर मिळतं, आणि 'जीपीआयओइन्फो' ही कमांड दिली की कुठली पिन कुणाकडे आहे त्याची यादी समोर येते. सिसएफएस जुनं ठरूनही लोक ते सोडायला तयार नव्हते. मग ६.६ कर्नेल आलं आणि पायवर पिनांची मोजणी ५१२पासून सुरू झाली. जुन्या स्क्रिप्टमधली १७ नंबरची पिन आता ५२९ म्हणून मागावी लागते. वर्षानुवर्षं चाललेला कोड एका अपडेटने बंद पडला, आणि लोकांनी पहिला संशय तारांवर घेतला.

एवढं वाचून कुणी विचारेल, मग वापरायचं काय? माझं उत्तर स्पष्ट आहे: शिकताना आणि बहुतेक घरगुती कामांना जीपीआयओझीरो. बेन नट्टल आणि डेव्ह जोन्स यांची ही लायब्ररी २०१५पासून आहे. ती पिनेच्या भाषेत न बोलता वस्तूंच्या भाषेत बोलते: एलईडी, बटण, मोटर, सर्वो. आणि खालची वाट बदलण्याची सोय तिने आधीच करून ठेवली आहे. प्रत्यक्ष पिनेशी बोलायचं काम ती दुसऱ्या लायब्ररीकडे देते, आणि एक चालली नाही तर दुसरी आजमावते. म्हणूनच पाय ५ आल्यावर तिच्यात लिहिलेले प्रोग्राम फारशी कुरकुर न करता चालत राहिले. नकली पिना घेऊन बोर्डाशिवायही कोड तपासता येतो. वर्गात तीस मुलं आणि बोर्ड चार, अशी परिस्थिती ज्यांनी पाहिली आहे त्यांना याची किंमत कळेल.

तिच्याही काही सवयी माहीत करून घ्याव्या लागतात. दिवा 'ऑन' केला, प्रोग्राम संपला, आणि दिवा विझला. नवशिक्याला वाटतं कोड चुकला. प्रत्यक्षात प्रोग्राम संपताना जीपीआयओझीरोने पिन परत इनपुट करून ठेवलेली असते. हे शहाणपणाचंच आहे, कारण मेलेल्या प्रोग्रामने मागे हीटर चालू ठेवून जाऊ नये. पण हे माहीत नसलं की माणूस शेवटी एक अनंत लूप टाकतो, प्रोसेसरचा एक कोअर शंभर टक्के व्यापतो आणि बोर्ड गरम का होतो म्हणून पंखा विकत आणतो. शेवटी 'पॉज' एवढा एक शब्द पुरला असता.

खरी अडचण येते ती वेळेची, आणि या पुस्तकातली सगळ्यात लांब दोन प्रकरणं त्यावरच आहेत. डीएचटी२२ हा पांढऱ्या जाळीचा हवेतली आर्द्रता मोजणारा स्वस्त सेन्सर बहुतेकांनी पाहिलेला असतो. तो एकाच तारेवर ४० बिट पाठवतो: १६ आर्द्रतेचे, १६ तापमानाचे, ८ पडताळणीचे. प्रत्येक बिटाआधी ५० मायक्रोसेकंद तार लो असते, मग हाय होते. २६-२८ मायक्रोसेकंद हाय राहिली तर तो शून्य, ७० राहिली तर एक. सगळा फरक चाळीसेक मायक्रोसेकंदांचा. पायथॉनचा प्रोग्राम ती लांबी मोजत असताना लिनक्सला वाटलं की आता वायफायचं काम उरकू या, तर तो आपल्या प्रोग्रामला बाजूला बसवतो. परत येईपर्यंत दहा-वीस बिट निघून गेलेले असतात. पडताळणीचा आकडा जुळत नाही, लायब्ररी एरर देते. धड्यांमध्ये यावर 'पुन्हा प्रयत्न करा' असं लिहिलेलं असतं आणि ते चालतंही, कारण पाच-सहा वेळांत एकदा लिनक्सला दुसरं काम नसतं. याला मी उपाय म्हणत नाही.

उपाय तीन प्रकारचे आहेत आणि तिन्हींत विचार एकच: मोजण्याचं काम वेळ चुकवणाऱ्याच्या हातून काढून घ्यायचं. कर्नेलमधला डीएचटीचा ड्रायव्हर इंटरप्टच्या वेळा टिपून बिट ओळखतो. आपण नुसती फाइल वाचायची. पिगपिओ ही लायब्ररी डीएमए वापरते. हार्डवेअरच दर पाच मायक्रोसेकंदांनी सगळ्या पिनांची स्थिती मेमरीत टाकत राहतं, प्रोग्राम उशिरा जागा झाला तरी नोंदी बरोबरच असतात. फार देखणी युक्ती. पण ती ब्रॉडकॉमच्या चिपच्या पोटात शिरून केलेली असल्यामुळे पाय ५वर चालत नाही. तिसरा मार्ग म्हणजे हे काम लिनक्स नसलेल्या चिपला देणं. २०२१च्या जानेवारीत आलेल्या पायको बोर्डावरच्या आरपी२०४० चिपमध्ये पीआयओ नावाची आठ छोटी यंत्रं आहेत. त्यांचं काम फक्त पिना हलवणं आणि वाचणं, तेही ठरल्या घड्याळावर. पाय आणि पायको यूएसबीने जोडून कामाची वाटणी करणं हा मला आज सगळ्यात निश्चिंत मार्ग वाटतो, आणि खर्चही फार नाही.

सर्वो मोटर थरथरते त्याचंही मूळ हेच. तिला दर २० मिलिसेकंदांनी एक ते दोन मिलिसेकंदांचा पल्स हवा असतो आणि पल्सच्या लांबीवर तिचा कोन ठरतो. सॉफ्टवेअरने ती लांबी थोडी इकडेतिकडे केली की मोटर तेवढीच इकडेतिकडे होते. हार्डवेअर पीडब्ल्यूएमच्या पिना वापरल्या की थरथर थांबते. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

सेन्सर आकडा देतो म्हणजे तो मोजलेलाच असतो असं नाही. डीएस१८बी२० हा वॉटरप्रूफ टोपीतला तापमानाचा सेन्सर शीतगृहात, दुधाच्या टाकीत, मत्स्यालयात सगळीकडे लावतात. त्याला वीज मिळाली की त्याच्या रजिस्टरमध्ये ८५ अंश हा आकडा आधीपासून भरलेला असतो. मोजायला सांगितल्यावर पूर्ण अचूकतेला पाऊण सेकंद लागतो. मधेच वीज डगमगली, किंवा पूर्ण मोजण्याआधीच कुणी वाचलं, तर ८५ मिळतात. लायब्ररी ते इमानेइतबारे आपल्या हातात ठेवते, पडताळणीचा आकडाही बरोबर येतो. तापमानाचा आलेख काढला तर मधेच एखादा उंच सुळका दिसतो, आणि तो नेमका ८५वर टेकलेला असतो. असा सुळका दिसला की सेन्सर फेकू नका. तार किती लांब आहे आणि ४.७ किलो-ओहमचा पुल-अप लावला आहे का, ते आधी बघा.

तसंच बीएमई२८० आणि बीएमपी२८०चं. पहिला दाब, तापमान आणि आर्द्रता मोजतो, दुसऱ्याला आर्द्रता येत नाही. मॉड्यूलं दिसायला इतकी सारखी की पहिल्याच्या नावाने दुसरं हातात पडणं नेहमीचं आहे. लायब्ररी म्हणते, चिप सापडली नाही. पण आयटूसीच्या यादीत तर ७६ या पत्त्यावर कुणीतरी बसलेलं दिसतं! अशा वेळी लायब्ररी बाजूला ठेवून त्या चिपचं डी० हे रजिस्टर एका कमांडने वाचायचं. ६० आलं तर बीएमई, ५८ आलं तर बीएमपी. दहा सेकंदांचं काम आहे. दुकानदाराशी बोलतानाही हातात पुरावा असतो.

आता रिले. आपल्याकडे हा विषय खेळण्यापुरता राहत नाही, कारण पहिला विचार शेतातल्या मोटरीचाच येतो. थ्री-फेज लाइट कधी रात्री, कधी पहाटे, पाळीने येते. म्हणून स्टार्टरला 'ऑटो' बसवलेले असतात आणि हल्ली मोबाइल स्टार्टरही. पाय वापरून जमिनीतली ओल बघून मोटर सुरू करावी, हा डिप्लोमाच्या प्रोजेक्टांमधला आवडता विषय. त्यात रिलेचे कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर जोडतात. पण स्टार्टरचा स्वभाव असा, की हिरवं बटण क्षणभर दाबलं तरी तो स्वतःला धरून ठेवतो आणि लाल दाबेपर्यंत किंवा लाइट जाईपर्यंत सोडत नाही.

बाजारातली बरीच रिले मॉड्यूलं लो दिल्यावर चालू होतात. जीपीआयओझीरोला हे सांगितलं नसेल, तर तिच्या दृष्टीने 'बंद' म्हणजे लो. आता रात्री लाइट आली, पाय सुरू झाला, प्रोग्राम चालू झाला. आउटपुट डिव्हाइस तयार करणारी ओळ आली आणि लायब्ररीने शिस्तीत पिन 'बंद', म्हणजे लो केली. रिले टक् झाला, स्टार्टरने धरलं, मोटर सुरू. ओल मोजणारी ओळ अजून यायचीच आहे. विहिरीत पाणी नसेल तर मोटर कोरडी फिरत राहते. कोडमध्ये चूक म्हणावी अशी एकही ओळ नाही. 'ॲक्टिव्ह हाय'ला 'फॉल्स' सांगितलं असतं तर हे टळलं असतं. त्याहून बरं, हाय दिल्यावर चालणारं मॉड्यूल घ्यावं आणि त्यासाठी ९ ते २७मधली पिन वापरावी. कारण बूट होताना, कुठलीही लायब्ररी जागी होण्याआधी, या पिनांना चिपनेच आतून खाली ओढून धरलेलं असतं. ० ते ८ या पिना वर ओढलेल्या असतात. हे कुठल्याही लायब्ररीच्या मदतपानात मिळणार नाही. ते चिपच्या कागदात आहे.

या पुस्तकात काय नाही तेही सांगून टाकतो. २३० व्होल्टच्या जोडणीच्या आकृत्या नाहीत. रिलेच्या पलीकडचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. 'पन्नास प्रोजेक्ट' नाहीत. जेवढे आहेत ते मुद्दाम थोडे घेतले आणि प्रत्येक दोनदा केला आहे, एकदा लायब्ररीतून आणि एकदा तिच्या एक पायरी खालून. दुसऱ्या खेपेचा कोड लांब आणि कुरूप आहे. तो रोज वापरायचा नाही, पण एकदा हाताने लिहिल्याशिवाय पुढचं प्रकरण उघडू नका अशी विनंती आहे. पायथॉनची तोंडओळख गृहीत धरली आहे, सी येत नसेल तरी अडणार नाही.

सामान फार लागत नाही. कुठलाही ४० काड्यांचा पाय, ब्रेडबोर्ड, जम्पर वायर, दोन-चार एलईडी, ३३० ओहमचे रेझिस्टर (यातून लाल एलईडीला साधारण चार मिलिअँपिअर जातात आणि पिनेला ते सहज पेलतात), एक डीएस१८बी२०, एक बीएमई२८० आणि हाय-लो निवडता येईल असा रिले. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास हे एका फेरीत मिळतं, इतरत्र कुरिअरने. एक साधा मल्टीमीटर मात्र नक्की घ्या, सेन्सर एक कमी घेतला तरी चालेल.

आणि एक गोष्ट पहिल्या प्रकरणाआधीच. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, पाच व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. हेडरवर दुसरी आणि चौथी काडी पाच व्होल्टची आहे, आणि चौथीला अगदी चिकटून असलेली तिसरी काडी म्हणजे जीपीआयओ २. जम्परचं टोक एका काडीने सरकलं तर पिन जाते, कधी सगळी चिप जाते, आणि त्यावर कुठल्याही लायब्ररीत फंक्शन नाही. तेव्हा जोडणी बदलायची असेल तर आधी पाय शटडाउन करा, केबल काढा, मग तारेला हात लावा.